बेस गिटार घेताना : किंमत, नाव आणि वाजवणारा हात

काही वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात सेवेस असताना तेथील गायकवृंदासाठी बेस गिटार घेण्याचे ठरले. सणाच्या सुमारास घरोघरी फिरून वर्गणी जमविण्यात आली. तीत निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एका आजीबाईंचे शंभर रुपये होते, तशीच आखाती देशात नोकरी करणाऱ्या एका तरुणाची घसघशीत देणगीही होती. तीन-चार युवक मुंबईला गेले आणि दुकानातील सर्वांत देखणे वाद्य घेऊन आले. पाच तारा, चकाकणारे लाकूड, पाच-सहा बटणे! पहिल्या रविवारी सर्वांनी कौतुक केले. दोन महिन्यांनी ते वाद्य सॅक्रिस्टीतील कपाटाच्या मागे उभे होते. ते वाजविण्याची जबाबदारी ज्या बारावीतल्या मुलावर होती तो एके दिवशी येऊन म्हणाला, "फादर, मला नाही जमत. बोटं फार दुखतात."

वर्षभराने वाद्यदुरुस्ती करणारे एक वयस्क गोवेकर कारागीर काही कामानिमित्त आमच्याकडे आले. त्यांनी ते वाद्य हाती घेतले, डोळ्यांसमोर धरून दांडीवरून नजर फिरविली आणि ते म्हणाले, "फादर, वाद्य वाईट नाही. पण याच्या तारा इतक्या उंच आहेत की चाळीस वर्षं वाजवूनही मला हे झेपणार नाही." अर्ध्या तासात त्यांनी ते ठीक करून दिले. पण तोवर तो मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेला होता.

आज अनेक गायकवृंदांत बेस गिटार आहे किंवा ती घेण्याचा विचार चालू आहे. कोणती घ्यावी, किती पैसे घालावेत, स्वस्त वाद्य म्हणजे फसवणूक काय, असे प्रश्न पालक आणि युवक वारंवार विचारतात. प्रस्तुत लेखात या वाद्याचे प्रमुख नमुने, त्यांतील भेद आणि त्यांचे मोल यांचा विचार केला आहे. सारांश आरंभीच सांगतो : बेस गिटारचे मोल तिच्यावरील नावात, तारांच्या संख्येत किंवा बटणांत नसते. वाजवणाऱ्याच्या हाताला ती कितपत बसते, यात तिचे मोल असते.

या वाद्याचे काम

साध्या गिटारला सहा तारा असतात, तर बेस गिटारला सामान्यतः चार. या चार तारा साध्या गिटारच्या खालच्या चार तारांच्याच स्वरांत, परंतु एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा स्वर कानाला ऐकू येतो त्याहून अधिक छातीला जाणवतो.

ज्यांनी मोठ्या चर्चमधील पाइप ऑर्गन ऐकला आहे त्यांना हे काम लवकर उमगेल. ऑर्गनवादक हातांनी पट्ट्या वाजवितो आणि पायांनी खालचे पेडल दाबतो. पेडलचे खोल स्वर संपूर्ण गायनाला पाया देतात. ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण थांबले की काहीतरी हरपल्यासारखे वाटते. जेथे पाइप ऑर्गन नाही तेथे पेडलचे हे काम बेस गिटार करू शकते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि इतर वाद्यांनाही, ती पवित्र कार्यास योग्य असतील तर, अधिकारी व्यक्तींच्या संमतीने वाट मोकळी ठेवली. पाया देणाऱ्या वाद्याला चमकदार करामतींची गरज नसते. त्याचा स्वर स्थिर, गोल आणि वेळेवर आला की पुरे. वाद्य निवडताना ही गोष्ट विसरता कामा नये.

थोडा इतिहास

या वाद्याचा पूर्वज म्हणजे डबल बेस. माणसाहून उंच, नेण्या-आणण्यास अवघड, आणि ढोल व ट्रम्पेट यांच्या गजरात ऐकू न येणारा. त्यावर स्वरांच्या खुणा नसल्याने अचूक स्वर लावण्यास वर्षानुवर्षांचा रियाज लागे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टुटमार्क यांनी गिटारसारखे आडवे धरून वाजविण्याचे विजेवरील बेस वाद्य बनविले होते, परंतु त्याचा फारसा प्रसार झाला नाही.

खरे वळण आले ते १९५१ साली. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओ-दुरुस्तीचा व्यवसाय केलेल्या लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. प्रिसिजन म्हणजे अचूकता. सतारीला असतात तसे धातूचे पडदे दांडीवर बसविल्यामुळे बोट ठेवताच अचूक स्वर मिळू लागला, म्हणून हे नाव. गमतीची बाब अशी की, लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. ते वादकांना वाद्य देत, तक्रारी ऐकत आणि सुधारणा करीत.

पुढे हे वाद्य जगभर पसरले. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोमंतकीय आणि ख्रिस्ती वादकांचा वाटा मोठा होता. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बेस गिटार रसिकांच्या परिचयाची आहे. अलीकडच्या काळात मुंबईच्या मोहिनी डे यांनी वडिलांकडून बालपणीच हे वाद्य आत्मसात केले आणि पुढे ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजविले. बेस गिटार हे केवळ धिप्पाड मुलांचे वाद्य आहे, हा समज त्यांच्या उदाहरणाने दूर व्हावा.

दोन मूळ नमुने : प्रिसिजन आणि जॅझ

आज दुकानात शंभर प्रकारच्या बेस गिटार दिसतात, तरी त्यांतील बहुतेक दोन मूळ नमुन्यांची लेकरे आहेत. हे दोन नमुने समजले की बाजार समजतो.

पहिला, प्रिसिजन. १९५७ साली तिला आजचे रूप मिळाले. तारांचा कंप टिपणारे जे चुंबकीय यंत्र तारांखाली असते त्याला पिकअप म्हणतात. प्रिसिजनमध्ये ते दोन तुकड्यांत विभागलेले असते. या रचनेमुळे विजेची घरघर आपोआप नाहीशी होते. बटणे दोनच, एक आवाजाचे आणि एक स्वराच्या तीक्ष्णतेचे. आवाज भरदार असून तो गर्दीतही हरवत नाही. अमेरिकेतील मोटाऊन या ध्वनिमुद्रण संस्थेच्या असंख्य गीतांत जेम्स जेमरसन यांनी हेच वाद्य वाजविले, तेही उजव्या हाताच्या एकाच बोटाने. चुकायला जागा कमी असलेले हे वाद्य नवशिक्याला आणि गायकवृंदाला सारखेच उपयोगी आहे.

दुसरा नमुना जॅझ बेस. तो १९६० साली आला. यात दोन पिकअप असतात आणि त्यांचे प्रमाण कमी-अधिक करून आवाजाचा पोत बदलता येतो. घोडीजवळचा पिकअप वाढविला की आवाज नाकातून आल्यासारखा, रेखीव होतो. जाको पास्टोरियस यांनी पडदे काढलेल्या १९६२ सालच्या जॅझ बेसमधून गाणारा स्वर काढला, तो याच पिकअपमुळे. उणीव एक : मूळ पद्धतीच्या जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप सारखे ठेवले तर घरघर नाहीशी होते, परंतु एकच वापरला की ती ऐकू येते. ज्या चर्चमध्ये जुनी वायरिंग, ट्यूबलाइट आणि पंख्यांचे रेग्युलेटर आहेत तेथे हा त्रास अधिक जाणवतो.

हाताच्या दृष्टीने मात्र जॅझचे पारडे जड आहे. तारा जेथून दांडीवर उतरतात त्या टोकाला नट म्हणतात. प्रचलित प्रिसिजनचा नट सुमारे ४१ मिलिमीटर रुंद असतो, तर जॅझचा ३८. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण लहान तळव्याच्या व्यक्तीने दोन्ही वाद्ये पाच-पाच मिनिटे धरून पाहावीत. मनगटाला फरक लगेच कळतो.

या दोहोंचा मिलाफ म्हणजे वादक ज्याला 'पीजे' म्हणतात तो प्रकार. यात प्रिसिजनचा विभागलेला पिकअप मध्ये आणि जॅझचा एक पिकअप घोडीजवळ असतो. एकाच वाद्यात दोन स्वभाव मिळत असल्याने आजच्या अनेक परवडणाऱ्या वाद्यांत हीच रचना आढळते.

लांबीचा प्रश्न

नटपासून घोडीपर्यंत तारेची जी मोकळी लांबी असते तिला स्केल म्हणतात. लिओ फेंडर यांनी ती ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर ठरविली आणि आजही तीच रूढ आहे. याखेरीज ३० इंचांची, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटरची लघु स्केलही मिळते.

हा फरक नेमका किती? ३४ इंचांच्या वाद्यावर पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर भरते. ३० इंचांवर ते साडेअकरा होते. तार तीच आणि स्वर तोच ठेवला तर लघु स्केलवर तिचा ताण पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक कमी होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आणि लहान तळव्याच्या प्रौढांसाठी हा मोठाच दिलासा आहे. लघु स्केलचा आवाज किंचित मऊ आणि गोल असतो. गायनाच्या साथीला तो उलट शोभतो. सर्वांत जाड तार मात्र थोडी सैल वाटते.

लघु स्केल म्हणजे खेळणे, असे कोणी म्हणाल्यास त्यांना पॉल मॅकार्टनी यांची आठवण करून द्यावी. १९६१ साली हॅम्बुर्ग येथे त्यांनी व्हायोलिनच्या आकाराची जर्मन बनावटीची हॉफनर बेस घेतली, ती सुमारे ३० पौंडांना, कारण त्या वेळी फेंडर त्यांच्या आवाक्याबाहेर होती. शिवाय तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्या वादकाच्या हातात ती विचित्र दिसत नसे. ही गिटार १९७२ साली चोरीस गेली आणि सुमारे अर्ध्या शतकानंतर सापडून त्यांना परत मिळाली, हे २०२४ साली जाहीर झाले. बीटल्सच्या सुरुवातीच्या गीतांचा पाया खिशाला परवडले म्हणून घेतलेल्या लघु स्केलच्या वाद्याने घातला होता.

बाजारातील वाद्ये

आता प्रत्यक्ष नमुन्यांकडे वळू. भाव सतत बदलतात आणि आयात वाद्यांवर कर व चलनाचा परिणाम होतो. म्हणून येथे आकड्यांऐवजी पायऱ्यांनी विचार करणे बरे.

पहिली पायरी नवशिक्यांची. फेंडर कंपनीचेच धाकटे नाव म्हणजे स्क्वायर. २०२३ साली आलेली तिची सॉनिक मालिका स्वस्त आहे. तिच्यात साधी प्रिसिजन मिळते आणि ब्रॉन्को नावाची ३० इंची लघु स्केलही मिळते. मुलांसाठी ब्रॉन्को हा सोपा आणि चांगला पर्याय आहे. आयबानेझ या जपानी कंपनीची मिक्रो त्याहूनही लहान, २८.६ इंचांची आहे. ती दहा वर्षांच्या मुलाच्याही हाती मावते, पण हात वाढताच अपुरी पडते.

याच पायरीवरील पूर्ण लांबीची दोन वाद्ये विशेष उल्लेखनीय आहेत. यामाहाची टीआरबीएक्स १७४ ही पीजे रचनेची असून तिला बॅटरी लागत नाही. यामाहाच्या स्वस्त वाद्यांतही कारागिरीत एकसारखेपणा असतो, असा वादकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. दहा वाद्ये काढली तर दहाही जवळपास सारखी निघतात. ज्यांना दुकानात जाऊन पारखता येत नाही त्यांच्यासाठी हा गुण लाखमोलाचा. दुसरे वाद्य आयबानेझची जीएसआर २००. हिचाही साचा पीजे असून खोल स्वर फुगविणारे बॅटरीवरील एक बटण तिला आहे. वाद्य सुटसुटीत आहे. पण ते बटण पूर्ण फिरवून ठेवण्याचा मोह नवशिक्यांना होतो आणि मग चर्चमध्ये नुसता घुमारा ऐकू येतो.

दुसरी पायरी थोडी वरची. स्क्वायरची अफिनिटी मालिका पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या सीमेवर आहे. त्यावरची क्लासिक व्हाइब मालिका मात्र माझ्या मते संपूर्ण बाजारातील सर्वांत किफायतशीर वाद्यांपैकी एक आहे. १९५०, १९६० आणि १९७० च्या दशकांतील प्रिसिजन व जॅझ यांच्या धर्तीवर ती घडविलेली आहे. पिकअप चांगले, दांडी गुळगुळीत, आणि आवाज मूळ वाद्याच्या इतका जवळचा की बाकांवर बसलेल्या श्रोत्यांना फरक कळू नये. यामाहाची बीबी २३४ याच तोलाची असून भरदार आवाजाची आणि दणकट आहे. ज्यांना सडपातळ दांडी हवी त्यांनी आयबानेझची एसआर ३००ई किंवा यामाहाची टीआरबीएक्स ३०४ पाहावी. दोहोंच्या नटची रुंदी ३८ मिलिमीटर आहे आणि दोहोंत बॅटरीवर चालणारी स्वरसुधारणेची यंत्रणा आहे. टीआरबीएक्स ३०४ मध्ये वेगवेगळ्या वादनशैलींसाठी पाच तयार आवाज देणारी कळ असते. ज्याला बटणांचा गोंधळ नको त्याला ती सोयीची आहे.

तिसरी पायरी फेंडरची मेक्सिकोत बनणारी प्लेअर मालिका. २०२४ साली तिची प्लेअर टू ही सुधारित आवृत्ती आली. पट्टीच्या कडा गोलसर केल्यामुळे नवे वाद्यही वापरून मऊ झाल्यासारखे हाताला लागते. चौथी पायरी अमेरिकेत बनणारी वाद्ये. १९७६ साली आलेली आणि बॅटरीवरील यंत्रणा रूढ करण्यात मोठा वाटा असलेली म्युझिक मॅन स्टिंगरेही याच पायरीवर बसते.

ढोबळ प्रमाण सांगायचे तर अफिनिटीच्या सुमारे तिप्पट किंमत प्लेअरची आणि तिच्या दुप्पट अमेरिकन वाद्याची. मग आवाज सहापट चांगला होतो काय? नाही. पूर्वी स्वस्त वाद्यांच्या दांड्या वाकड्या आणि पडदे उंच-सखल असत. आता संगणकनियंत्रित यंत्रांवर लाकूड कापले जात असल्याने स्वस्त वाद्यही मोजमापात अचूक असते. महाग वाद्यात पडद्यांच्या टोकांची सफाई, खुंट्यांची पकड, तारजोडणीचा दर्जा, हवामान बदलले तरी न डळमळणारी दांडी आणि विकताना मिळणारी किंमत या गोष्टी वाढतात. रात्रीमागून रात्र कार्यक्रम करणाऱ्या व्यावसायिकासाठी हे मोल आहे. आठवड्यातून एक सराव आणि रविवारची मिस्सा एवढेच काम असलेल्या गायकवृंदाला दुसरी पायरी पुरेशी आहे.

बॅटरी आणि पाचवी तार

बॅटरीवर चालणाऱ्या वाद्याला ॲक्टिव्ह आणि बॅटरी नसलेल्याला पॅसिव्ह म्हणतात. ॲक्टिव्ह वाद्यात खोल व तीक्ष्ण स्वर वाद्यावरच वाढविता येतात. परंतु नऊ व्होल्टची ती बॅटरी नेमकी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सावेळी संपते, हा अनुभव अनेकांचा असेल. वायर वाद्यात खोचून ठेवली तर वाद्य न वाजविताही बॅटरी झिजत राहते. वाद्य अनेकांच्या हातांतून फिरणार असेल तर पॅसिव्ह घेणे शहाणपणाचे.

पाचव्या तारेने आणखी खालचे स्वर मिळतात. ती सेकंदाला सुमारे ३१ वेळा कंप पावते. पण तिच्यासाठी दांडी रुंद होते, वजन वाढते आणि न वाजणाऱ्या तारा हाताने दाबून गप्प ठेवण्याचे कौशल्य लागते. शिवाय लहान ध्वनिक्षेपकांतून तो स्वर धड बाहेर पडतही नाही. भक्तिगीतांच्या साथीला चार तारा पुरतात. क्वचित खालचा स्वर हवा असल्यास जाड तार दोन पडद्यांइतकी उतरवून घेता येते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित खर्च

आता मी आरंभीच्या प्रसंगाकडे येतो. त्या मुलाची बोटे का दुखत होती?

चार तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोग्रॅमच्या आसपास असतो. या ओढीने दांडी पुढे वाकू पाहते. तिला सावरण्यासाठी आत एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. सळई सैल पडली की दांडी धनुष्यासारखी वाकते, तारा पडद्यांपासून दूर जातात आणि त्या दाबण्यास अधिक बळ लागते. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते आणि उन्हाळ्यात सोडते. त्यामुळे जानेवारीत नीट असलेले वाद्य ऑगस्टमध्ये बिघडू शकते. परदेशातून पेटीबंद येऊन थेट ग्राहकाच्या हाती पडलेले वाद्य तर क्वचितच वाजविण्यायोग्य अवस्थेत असते.

उपाय म्हणजे जुळणी, ज्याला वादक 'सेटअप' म्हणतात. तीन गोष्टी पाहायच्या. एक, पहिला आणि शेवटचा पडदा दाबून धरला असता मध्यभागी तार व पडदा यांत सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे जाडसर कागदाइतकी फट असावी. दोन, सतराव्या पडद्यावर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. ती घोडीवरील लहान स्क्रूंनी कमी-जास्त होते. तीन, बाराव्या पडद्यावरील स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर आहे याची खात्री करावी. सळई फिरविताना एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि सवय नसल्यास हे काम जाणकारावरच सोपवावे. वाद्याच्या किमतीच्या मानाने ही मजुरी अगदी थोडी असते. तरीही वर्गणीच्या हिशेबात तिला जागा नसते आणि आमच्याही हिशेबात ती नव्हती.

जेमरसन यांच्या वाद्याच्या तारा पुष्कळ उंच होत्या, असा दाखला कोणी देईल. तो खरा आहे. पण त्यांचे हात डबल बेसवर घडलेले होते. नवशिक्याच्या हाती तसे वाद्य देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला भर पावसात समुद्रात लोटण्यासारखे आहे. जेमरसन यांच्याकडून घेण्याजोगी गोष्ट वेगळीच : ते सपाट वेष्टनाच्या, गुळगुळीत तारा वापरीत. या तारा बोटांना खरखरत नाहीत, त्यांचा आवाज मऊ असतो आणि त्या दीर्घकाळ टिकतात. गायनाच्या साथीला त्या फार शोभतात.

वाद्याइतकेच महत्त्वाचे

वर्गणीतील सर्व पैसे वाद्यावर खर्च करू नयेत. बेस गिटार एकटी बोलत नाही. सरावासाठी २५ ते ४० वॅटचा बेस अँप्लिफायर पुरतो. ढोलांच्या बरोबर वाजवायचे असल्यास १०० वॅट किंवा त्याहून अधिक लागतात. साध्या गिटारच्या अँप्लिफायरवर बेस मोठ्याने वाजवू नये, कारण त्याचा स्पीकर फाटू शकतो. चर्चच्या ध्वनियंत्रणेत थेट जोडायचे असल्यास मध्ये 'डीआय बॉक्स' नावाची लहान पेटी ठेवावी. लहान स्पीकर ४१ कंपनांचा स्वर पुरेसा देऊ शकत नाहीत, पण त्या स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांवरून आपला कान मूळ स्वर ओळखतो. म्हणून खोल स्वराचे बटण वाढविण्यापेक्षा मधले स्वर किंचित वाढविले तर बेस अधिक स्पष्ट ऐकू येते.

वापरलेले वाद्यही अवश्य विचारात घ्यावे. त्याच पैशात एक पायरी वरचे वाद्य मिळते आणि दांडीचे लाकूड आपला स्वभाव दाखवून मोकळे झालेले असते. जुने असो वा नवे, दुकानात पुढील गोष्टी पाहाव्यात. दांडी डोळ्यासमोर धरून ती पिळवटलेली नाही ना, हे पाहावे. वाकलेली दांडी सुधारते, पिळवटलेली सहसा सुधारत नाही. प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा वाजवून पाहावा. पट्ट्याने वाद्य खांद्याला अडकवून हात सोडून द्यावेत. डोके जमिनीकडे झुकत असेल तर डावा हात जन्मभर ते तोलत राहील. वजन साधारण चार किलोग्रॅम असते. साडेचारच्या पुढे गेल्यास खांद्याला विचारावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, जो किंवा जी ते वाजविणार आहे त्या व्यक्तीस सोबत न्यावे. आमच्या वेळी दुकानात गेलेल्या युवकांत तो मुलगा नव्हता.

घरी आणल्यावर वाजवून झाले की कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, वाद्य पिशवीत ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावे आणि ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये.

तात्पर्य

शिकणाऱ्या मुलांसाठी ब्रॉन्कोसारखी लघु स्केल, पहिल्या पूर्ण वाद्यासाठी टीआरबीएक्स १७४, लहान हातांसाठी जॅझ किंवा एसआरची सडपातळ दांडी आणि अनेक वर्षे टिकावे अशा गायकवृंदाच्या वाद्यासाठी क्लासिक व्हाइब किंवा बीबी २३४, असा माझा क्रम आहे. यांपैकी कोणतेही घेतले तरी जुळणीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, वाद्य जाणकाराला दाखवावे.

कपाटामागची ती पाच तारांची गिटार पुढे दुसऱ्या एका मुलीने हाती घेतली. तारा खाली आणलेल्या होत्या, म्हणून ती टिकली. आजीबाईंचे शंभर रुपये वाया गेले नाहीत. पण आधीच्या मुलाला मात्र आम्ही कधी सांगू शकलो नाही की, दोष त्याच्या बोटांत नव्हता. आपल्या घरी किंवा गायकवृंदात एखादे मूल वाद्य खाली ठेवू लागले असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी एकदा तारांची उंची मोजून पाहावी, एवढीच वाचकांना विनंती.